नाशिकमध्ये जखमी कुत्रा शेल्टरला दिला तर ते त्याला इंजेक्शन देऊन मारतात का?

जागा नाही किंवा कुणी दत्तक घेत नाही, एवढ्यावरून मारता येत नाही. ती भीती बहुतेक अमेरिकेतल्या शेल्टरांचे व्हिडिओ बघून येते. आपल्याकडे भटक्या कुत्र्यांना २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम लागू आहेत. आजार बरा न होणारा किंवा जखम जीवघेणी असेल, आणि तसं निदान नेमलेल्या पथकाने केलं, तरच दयामरण देता येतं. तेही पशुवैद्यकाने, सोडियम पेंटोबार्बिटलसारख्या औषधाने आणि दुसऱ्या कुत्र्यासमोर नाही. रेबीजचा दाट संशय असेल तर नियम वेगळं ठेवायला सांगतो, मारायला नाही.

खरा पेच कण्याच्या दुखापतीचा. मुंबई-आग्रा हायवेवर गाडीने उडवलेलं कुत्रं मागचे पाय ओढत येतं आणि बघणारे म्हणतात, "सोडवा बिचाऱ्याला." डॉक्टर आधी पायाचं बोट चिमट्याने दाबतात. नुसता पाय आखडला तर ती प्रतिक्षिप्त क्रिया. कुत्र्याने मान वळवली, कण्हलं, तर संवेदना शिल्लक आहे आणि आशाही. संवेदना गेली तरी कित्येक कुत्री चाकांच्या गाडीवर मजेत राहतात. मात्र दिवसातून दोन-तीनदा मूत्राशय दाबून रिकामं करावं लागतं, नाहीतर संसर्ग होतो. हे रोज करणारे हात शेल्टरकडे आहेत का, यावर बरंच ठरतं. (देणगी देणारे याबद्दल क्वचितच विचारतात.)

कुत्रा सोपवताना स्वतःचा नंबर द्या, आणि असा निर्णय घ्यायची वेळ आली तर आधी कळवा, असं सांगून ठेवा.