कारखाना तोट्यात नाही, पॉलिसी तोट्यात आहेत

पुण्यात आयटीत असलेल्या 41 वर्षांच्या वाचकाचं पत्र आहे. वडील 71 वर्षांचे. शिरोली एमआयडीसीत त्यांचं मशिनशॉप आहे, पंपांच्या कास्टिंगचं मशिनिंग करतात. उलाढाल 1.4 कोटी, नफा 9 लाख. शेड आणि मशिनांना 90 लाखांचं गिऱ्हाईक आलंय. ते पैसे आयटी फंडात, म्हणजे आयटी कंपन्यांचेच शेअर घेणाऱ्या म्युच्युअल फंडात, टाकले तर '18 टक्के तरी सुटतात', मग विकू का, असा प्रश्न.

प्रश्नाकडे येतो, पण तुमच्या पत्रातलं एक वाक्य आधी: 'सहा पॉलिसींचे वर्षाला 3 लाख कारखान्याच्या सीसीतून जातात, त्यामुळे मला ताण नाही.'

ताण सीसीला, म्हणजे धंदा चालवायला बँकेने दिलेल्या कॅश क्रेडिट कर्जाला, आहे हो! सात वर्षांत 21 लाख गेले. म्हणजे 38 लाखांच्या सीसीत जेमतेम 17 लाख धंद्याचे. बाकीचे तुमच्या विम्याचे. त्या 21 लाखांवर 11 टक्क्यांनी वर्षाला 2.3 लाख व्याज वडील भरतात. आणि पॉलिसी देणार काय? 20 वर्षं भरून 1 कोटी, म्हणजे वर्षाला पाच टक्क्यांच्या आतच. 11 टक्क्यांनी काढून 5 टक्क्यांनी गुंतवायचं, हे ज्या एजंटनं बसवून दिलं त्याचं कमिशन मात्र चोख निघालं असणार. वर विमा फक्त 35 लाखांचा. घरात दोन मुलं, आणि सीसीला जामीनदार तुम्हीच.

पॉलिसीपुरतं व्याज धंद्याचा खर्च म्हणून दाखवताही येत नाही. सीएंना हे माहीत आहे का, तेवढं विचारून घ्या.

आता कारखाना. तुमचं व्याज वगळलं तर नफा 9 नाही, सव्वा अकरा लाख. त्यातून वडिलांच्या मेहनतीचे 5 लाख वजा करा, कारण उद्या दुसरा माणूस ठेवलात तर तो फुकट येणार नाही. उरले सव्वासहा, 90 लाखांवर 7 टक्के. ग्रेट नाही, पण त्याची बरोबरी तुमच्या मनातल्या 18 टक्क्यांशी करू नका. 18 ची खात्री कुणी लिहून दिलीय का? मी 10-11 धरतो. शिवाय 90 लाख हातात येणारच नाहीत. सीसी फिटणार, प्लॉट एमआयडीसीच्या भाडेपट्ट्यावर असल्याने हस्तांतरणाचं शुल्क लागणार, कर जाणार. राहतील 40 च्या आसपास. गिऱ्हाइकांकडची 45 लाखांची येणी वेगळी, ती वसूल होतील तेव्हा खरी.

विप्रोचे शेअर धरून श्रीमंत झालेल्या अमळनेरकरांचा दाखला तुम्ही दिलाय. 1945 मध्ये ती कंपनी वनस्पती तूप करायला निघाली होती. तिथल्या जुन्या घरांनी तेलातुपाच्या कंपनीचे शेअर घेतले आणि विकले नाहीत, एवढंच. सॉफ्टवेअर ओळखून कुणी घेतले नव्हते. 2000 साली पेंटाफोर, डीएसक्यू, सिल्व्हरलाइन याही सॉफ्टवेअर कंपन्याच होत्या. त्यांची नावं आता कोण काढतं? तुमचा पगार आयटीचा, कंपनीने दिलेले 22 लाखांचे शेअर आयटीचे, आता वडिलांची शेडही तिकडेच? मंदी आली तर नोकरी आणि फंड एकाच महिन्यात हलतील.

म्हणून क्रम असा. आधी दीड कोटीचा टर्म प्लॅन, म्हणजे बचत नसलेला निव्वळ विमा, घ्या, तो हातात पडल्यावरच पॉलिसी सरेंडर करा, म्हणजे मुदतीआधी मोडा. येईल ती रक्कम सरळ सीसीत भरा. भरलेल्यापेक्षा बरीच कमी येईल, वाईट वाटेल, तरी भरा. 11 टक्क्यांचं व्याज वाचवणारी गुंतवणूक मला दुसरी दाखवा. 3 लाखांचा हप्ताही थांबेल.

येणी चार महिन्यांची झालीत, तीही बघा. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल तर गिऱ्हाइकाला कायद्याने जास्तीत जास्त 45 दिवस मिळतात. वडील जुन्या संबंधांपोटी बोलणार नाहीत, तुम्ही पत्र टाका.

वर्षभराने स्वच्छ ताळेबंद घेऊन या, मग विक्रीचं बोलू. तेव्हा वडिलांचं मतही कळवा. 71 व्या वर्षी थांबायचंय की नाही, हे त्यांना विचारल्याचं पत्रात कुठे दिसलं नाही.