गोठ्याच्या बोळातला बर्फ: पहिल्या हिवाळ्यापुरतं

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या डेअरीवर पहिलाच हिवाळा आहे ना? मग मोठ्या ट्रॅक्टरचा नाद सध्या सोडा. दोन शेडमधल्या बोळात स्किड स्टीअरच (पुढे बकेट असलेला, जागच्या जागी वळणारा छोटा लोडर) वळतो.

बर्फ उचलण्याआधी तो टाकायचा कुठे, हे ठरवा. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. कुंपणाला लागून ढीग केला की तो दबून टणक होतो आणि गायी त्यावर चढून सरळ पलीकडे जातात. शेडच्या बाजूच्या पडद्यांना लावला तर हवा कोंडते. चढावर टाकला तर वितळलेलं पाणी परत गोठ्यातच येतं. म्हणून उताराकडची मोकळी जागा शोधा.

आधी गायी दुसऱ्या कप्प्यात हलवा. मग:

- फाटक जेवढं फिरतं तेवढी जागा पहिल्यांदा, फावड्याने.
- वाऱ्याने दाबलेला ढिगारा वरून थराथराने कापा. ताज्या भुसभुशीत बर्फापेक्षा तो कितीतरी जड असतो. एकदम घुसलात तर चाकं नुसती फिरतील.
- बकेट खाली ठेवूनच चालवा. रिकामी असेल तर चढावर मशीन उलटं न्या, कारण तेव्हा वजन मागे असतं.

पाण्याच्या नळांशेजारी बर्फ पडण्याआधीच उंच खुंट्या ठोका. नंतर नळ दिसत नाहीत, तुटल्यावरच कळतात. आणि बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका, धुराने माणूस गुदमरतो.

स्नो ब्लोअर, म्हणजे बर्फ दूर उडवणारं यंत्र, पुढच्या वर्षी बघू.