०.५ मिली ॲनिलीनपासून ॲसिटॅनिलाइड केलं की यील्ड ३० टक्क्यांवरच का अडकतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ॲनिलीन पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये विरघळवायचं, ॲसेटिक ॲनहायड्राइड घालायचं आणि मागोमाग सोडियम ॲसिटेटचं द्रावण ओतायचं, या पद्धतीने तुम्ही ॲसिटॅनिलाइड करता. ५ मिली ॲनिलीन घेतलं तेव्हा यील्ड, म्हणजे जास्तीत जास्त मिळू शकणाऱ्या मालापैकी हाती आलेला भाग, ७५ टक्के आलं होतं, आता ०.५ मिली घेतल्यावर ०.२२ ग्रॅमच्या पुढे सरकत नाही. रिॲक्शन अर्धवट राहते का, ढवळायचा वेळ वाढवू का?

वेळ वाढवून काही मिळणार नाही. सोडियम ॲसिटेट पडलं की ॲनिलीन हायड्रोक्लोराइडमधून मोकळं ॲनिलीन सुटतं आणि ते ॲनहायड्राइडवर लगेच झडप घालतं. पांढरा साका दिसायला लागतो तेव्हा बरंचसं काम उरकलेलं असतं. एकच जपायचं: ॲनहायड्राइड घातल्यावर सोडियम ॲसिटेट शोधत बसू नका, कारण तेवढ्या वेळात पाणी ॲनहायड्राइड खाऊन टाकतं. ते द्रावण आधीच तयार ठेवलेलं असेल तर रिॲक्शनवर संशय घेऊ नका.

तुमचा माल तयार होतोय. तो तुम्ही सिंकमध्ये ओतताय.

हिशेब मांडू. ०.५ मिली ॲनिलीन म्हणजे साधारण ०.५१ ग्रॅम, ५.५ मिलिमोल. त्यातून जास्तीत जास्त ०.७४ ग्रॅम ॲसिटॅनिलाइड मिळू शकतं. आता पाण्याकडे बघा. ॲसिटॅनिलाइड गार पाण्यात 'विरघळत नाही' असं आपण जर्नलमध्ये बिनधास्त लिहितो, पण २५ अंशांना १०० मिली पाण्यात ते जवळपास अर्धा ग्रॅम विरघळतं. तुम्ही लिहिलंय की रिक्रिस्टलायझेशनला, म्हणजे माल गरम पाण्यात विरघळवून, गार करून पुन्हा शुद्ध क्रिस्टल पाडायला, ५० मिली पाणी घेतलं. म्हणजे पाव ग्रॅम तिथेच गेला, एकूण मालाचा तिसरा हिस्सा! रिॲक्शनचं स्वतःचं पाणी २० मिली धरलं तर त्यात आणखी ०.१ ग्रॅम. क्रूड, म्हणजे शुद्ध न केलेला माल, धुवायला तीन वेळा दहा-दहा मिली पाणी, तेही नळाचं, त्यात थोडा. उरलेला फिल्टर पेपरला, स्पॅच्युलाला आणि फ्लास्कच्या काचेला. बेरीज करून पाहा, ०.२२ ग्रॅम कुठून आला ते कळेल.

५ मिलीच्या प्रयोगात हे का जाणवलं नाही? तिथे माल ७.४ ग्रॅमपर्यंत होता आणि पाणी १५० मिली. गेला तो पाऊण ग्रॅम, म्हणजे १० टक्के. तुम्ही ॲनिलीन दहापट कमी केलं, पाणी मात्र तिपटीनेच. हात जुन्या मापाला सरावलेले असतात. बीकर मोठा असला की पाणी आपोआप जास्त पडतं.

विश्वास बसत नसेल तर पुढच्या वेळी रिक्रिस्टलायझेशनचं फिल्ट्रेट, म्हणजे क्रिस्टल गाळून खाली उरलेलं पाणी, टाकू नका. त्यातलं १० मिली मोजून, आधी वजन केलेल्या वॉच ग्लासवर घ्या आणि वॉटर बाथवर सावकाश आटवा. कडेपासून आत सरकत येणारा पांढरा चकाकता थर दिसेल. वजन ०.०५ ग्रॅमच्या आसपास भरेल. दहा वेळा समजावून जे पटत नाही ते हा वॉच ग्लास एकदा दाखवला की पटतं, असा माझा अनुभव आहे.

मग पाणी किती घ्यायचं? उकळत्या पाण्यात १०० मिलीला साडेपाच ग्रॅमच्या आसपास विरघळतं, म्हणजे ०.७४ ग्रॅमला १४ मिली पुरे. १० मिलीपासून सुरुवात करा, उकळत ठेवा आणि ड्रॉपरने थोडं थोडं वाढवा. इथे एक गंमत होते आणि त्यात बहुतेक जण फसतात. पाणी कमी असताना तळाशी पिवळसर तेलकट थेंब लोळताना दिसतात. ती घाण नव्हे, ते ॲसिटॅनिलाइडच आहे. कोरडं ॲसिटॅनिलाइड ११४ अंशांना वितळतं, पण पाण्यासोबत ८३ अंशांच्या वर त्याचं तेल होतं. थेंब दिसले की घाबरून भसकन २० मिली ओतू नका. एकेक मिली गरम पाणी घाला, हलवा, थेंब दिसेनासे झाले की थांबा. मग आपोआप गार होऊ द्या, नंतर बर्फात ठेवा. धुवायला बर्फाचं गार पाणी, तेही एक-दोन मिली.

द्रावण रंगीत नसेल तर चारकोल (रंग शोषून घेणारी कोळशाची पूड) आणि गरम गाळणी दोन्ही टाळा. चारकोल रंगाबरोबर मालही धरून ठेवतो, आणि एवढ्या मापात ते परवडत नाही. गरम गाळणीचं तर विचारूच नका. विद्यार्थी असताना मी लांब दांड्याच्या गार फनेलमधून गाळत होतो. नळीत बघता बघता पांढऱ्या सुया उभ्या राहिल्या, गाळणी तुंबली, आणि मी त्या मोकळ्या करायला वरून आणखी उकळतं पाणी ओतलं. त्या दिवशी आलेलं यील्ड इथे लिहिण्यासारखं नाही. गाळणं भागच असेल तर बुटक्या दांड्याचं, आधी तापवलेलं फनेल घ्या. क्रिस्टल गोळा करायलाही मोठं बुकनर फनेल नको, लहान हर्श फनेल वापरा. कागद जितका लहान तितका कागदाला चिकटून जाणारा माल कमी.

एवढं केलंत तर ६० टक्क्यांच्या पुढे जायला हरकत नाही. ७५ चा हट्ट धरू नका, काचेला चिकटणारे ३०-४० मिलिग्रॅम मापाबरोबर त्या प्रमाणात कमी होत नाहीत.

आणि यील्डसाठी परत ५ मिलीवर जायचा विचार असेल तर तो सोडा. ॲनिलीन कातडीतून अंगात शिरतं आणि रक्तातलं हिमोग्लोबिन बिघडवतं. ॲसिटॅनिलाइडही त्या बाबतीत निष्पाप नाही: १८८६ पासून ते 'अँटिफेब्रिन' म्हणून तापावर दिलं जायचं आणि घेणाऱ्यांचे ओठ निळे पडायचे. फ्यूम हूडखाली अर्धा मिली हाताळणं केव्हाही बरं.

उलट कधी ९५ टक्के आलं तर आनंदाने वही भरू नका. या पदार्थाचे पापुद्र्यासारखे क्रिस्टल पाणी छान धरून ठेवतात. कागदात दाबून रात्रभर डेसिकेटरमध्ये ठेवा, सकाळी पुन्हा वजन करा, आणि दोन वजनं जुळेपर्यंत मेल्टिंग पॉइंटची नळी भरू नका.