चित्रपुस्तकं मुलांसोबत वाचताना: पालकांचे प्रश्न

या अंकात शून्य ते सहा वयोगटाच्या चित्रपुस्तकांविषयीचे प्रश्न घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

मुलगा चौदा महिन्यांचा आहे. पुस्तक दिलं की आधी तोंडात घालतो, मग टर्रकन पान फाडतो. आत्ताच पुस्तकं आणावीत की थोडं थांबावं? (एक आई, कोथरूड)

थांबू नका. चाखणं, आपटणं, उलटं धरणं ही या वयातली पुस्तकाशी ओळखच असते. पान फाटतं ते खोडसाळपणामुळे नाही. बोटांची चिमूट अजून पक्की झालेली नसते, त्यामुळे तो अख्ख्या मुठीनं पान धरून ओढतो. पुठ्ठ्याचं पान असं ओढलं की उलटतं, पातळ पान फाटतं. म्हणून त्याच्या ताब्यात बोर्ड बुक, म्हणजे जाड पुठ्ठ्याच्या पानांचं पुस्तक द्या आणि कागदी पुस्तक तुमच्या मांडीवर, तुमच्या हातात ठेवा.

बोर्ड बुक दुकानात हाताळून घ्या. पूर्ण उघडून टेबलावर ठेवा. ते आपोआप मिटत असेल तर बाळाला एका हातानं धरता येणार नाही. पानाच्या कडेला नख लावून पाहा. थर सुटत असतील तर लाळेनं चार दिवसांत पापुद्रे निघतील आणि तेही तोंडात जातील. कोपरे गोल हवेत. टिकल्या, चिकटवलेले डोळे, लोकरीचे गोंडे तीन वर्षांच्या आतल्या मुलांना नकोतच. बटण दाबल्यावर आवाज येणाऱ्या पुस्तकांबाबत तर फार जपा. आतला छोटा गोल सेल गिळला गेला तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. सेलच्या झाकणाला स्क्रू नसेल तर ते पुस्तक घेऊ नका, आणि सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी लगेच रुग्णालय गाठा.

चित्रं कशी असावीत? एका पानावर एक किंवा दोन गोष्टी, ठळक कडा, मागे मोकळी जागा, आणि त्याच्या रोजच्या पाहण्यातलं काहीतरी: वाटी, चप्पल, कावळा, रिक्षा. एका पानावर बारा फळं किंवा सोळा वाहनं मांडलेली पुस्तकं आपल्याला पैसे वसूल झाल्यासारखी वाटतात, पण बाळाची नजर त्यात कुठंच ठरत नाही. वर आपण ‘केळं कुठंय? बस कुठंय?’ अशी परीक्षा घ्यायला लागतो ते वेगळंच.

फाटलेल्या पानाला साधी चिकटपट्टी लावू नका. ती पिवळी पडते, तिचा गोंद कडेनं बाहेर येतो आणि पुढचं पान त्याला चिकटून फाटतं. फाटलेल्या कागदाची कड बहुधा तिरकी, तंतू दिसणारी असते. दोन्ही कडांना पांढरा गोंद अगदी पातळ लावा, चित्र जुळवा, खाली-वर प्लॅस्टिकचा कागद घाला आणि रात्रभर जड डब्याखाली ठेवा. बहुतेक वेळा पट्टी लागतच नाही. पुस्तक बांधणीला देणार असाल तर चिकटवायच्या खळीत मोरचूद नको असं आधीच सांगा. कसर लागू नये म्हणून ते घालण्याची पद्धत आहे, पण ते विषारी आहे आणि हे पुस्तक तोंडात जाणार आहे.

मुलगी साडेतीन वर्षांची आहे. मी वाचत असताना मध्येच पान उलटते, परत मागे जाते. गोष्ट पुरी होतच नाही. शिवाय रोज तेच पुस्तक हवं असतं. (एक बाबा, हडपसर)

गोष्ट पुरी व्हायला हवी, ही घाई आपली असते. तुम्ही अक्षरं वाचताय, ती चित्र वाचतेय, आणि दोघांचा वेग वेगळा आहे. पान उलटण्याचं काम तिच्याकडेच सोपवा, निम्मा प्रश्न तिथंच सुटेल.

नवं पुस्तक आणलं की पहिल्या दिवशी मजकूर वाचूच नका. मुखपृष्ठ पाहा, लेखकाचं आणि चित्रकाराचं नाव मोठ्यानं वाचा, मग शेवटपर्यंत नुसती चित्रं बघा. मजकूर दुसऱ्या खेपेला. चार-पाच वेळा वाचून झालं की ओळीतल्या शेवटच्या शब्दाआधी थांबा, तो ती भरेल.

समजा, पानावर भाजीबाजार आहे आणि खाली एकच ओळ आहे: ‘आजी मंडईत गेली.’ ओळ दोन सेकंदांत संपते. चित्रात मात्र हातगाडीखाली मांजर बसलंय, तराजूचं एक पारडं खाली गेलंय, आजीच्या पिशवीतून शेपूची जुडी डोकावतेय आणि कोपऱ्यातला एक मुलगा भलतीकडेच बघतोय. मांजरावर बोट ठेवून ‘हे काय?’ विचारलंत तर ‘मांजर’ असं उत्तर येतं आणि बोलणं तिथंच थांबतं. त्याऐवजी ‘मांजर इथं का गं बसलं असेल?’ असं विचारा आणि मनात पाच आकडे मोजेपर्यंत गप्प राहा. हे गप्प राहणं मोठ्यांना सर्वांत अवघड जातं. दुसऱ्याच सेकंदाला आपण उत्तर सांगून मोकळे होतो. ‘ऊन आहे’ म्हणाली, तर तिचंच वाक्य थोडं वाढवून परत द्या: ‘हो, ऊन लागतंय म्हणून गाडीच्या सावलीत बसलंय.’ न शिकवता तिला एक शब्द मिळाला. तिनं ‘ते रुसलंय’ असं म्हटलं तरी ते चूक नाही. ‘कुणावर रुसलंय?’ असं विचारून पुढं जा. एका पानावर असे एक किंवा दोनच प्रश्न पुरे. प्रत्येक चित्राला प्रश्न जोडलात तर ती उठून जाईल.

आणि शेवटी ‘मग आपण काय शिकलो?’ हे कृपा करून विचारू नका. चांगलं पुस्तक मुलाच्या डोक्यात पुढचे कित्येक दिवस चालू राहतं. तात्पर्य विचारलं की ते त्याच क्षणी बंद होतं.

रोज तेच पुस्तक मागते, कारण ते तिचं वाचून झालेलं नसतं. आधी काय होतं ते कळतं, मग ते का होतं, मग चित्रातले बारकावे. तुम्ही एखादी ओळ गाळलीत तर ती तुम्हाला पकडेल. जुनं पुस्तक लपवून ठेवू नका, त्याच्या शेजारी नवं ठेवा.

या वयासाठी नावच हवं असेल तर माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’ आणि ‘बाबांच्या मिशा’ या ज्योत्स्ना प्रकाशनाच्या पुस्तकांपासून सुरुवात करा. शब्द आणि चित्रं एकाच हातची असल्यामुळे जे चित्रात दिसतं ते वाक्य पुन्हा सांगत बसत नाही, आणि भाषा घरात बोलतो तशी आहे. एकूण बालसाहित्यासाठी त्यांना २०१४चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला आहे.

मी मराठी, नवरा तमिळ, मुलगा पाच वर्षांचा आणि इंग्रजी शाळेत. मराठी पुस्तक काढलं की ‘इंग्लिशमध्ये सांग’ म्हणतो. (एक आई, वाकड)

भाषा पुस्तकाला न बांधता माणसाला बांधा. आई वाचेल ते मराठीत, बाबा वाचतील ते तमिळमध्ये, हा घरातला नियम होऊ दे. चेन्नईचं तूलिका प्रकाशन एकच चित्रपुस्तक अनेक भारतीय भाषांत काढतं, त्यात मराठी आणि तमिळ दोन्ही आहेत. एकच गोष्ट दोन्ही भाषांत आणलीत तर चित्र त्याला आधीच माहीत असतं आणि नवी भाषा त्या चित्राच्या आधारानं समजते. शब्द नसलेली चित्रपुस्तकं तर तुमच्यासारख्या घराला फारच सोयीची.

इंग्रजी पुस्तक मराठीतून सांगणार असाल तर ते आधी स्वतः एकदा वाचून घ्या. ऐन वेळी शब्दाला शब्द लावत गेलं की ‘तो होता खूप आनंदी’ अशी वाक्यं तोंडातून येतात आणि मुलाला मराठी कृत्रिम वाटायला लागते. चित्राकडे बघून आपल्या वाक्यात सांगा, दोन ओळी सुटल्या तरी चालतील. यमकांवर चालणारं पुस्तक मात्र इंग्रजीतच वाचा.

पाचव्या वर्षी मूल जे ऐकून समजतं ते स्वतः वाचू शकत नाही. जोडाक्षरं तर पुढचीच गोष्ट. रात्री तुम्ही वाचून दाखवता त्या वेळात त्याला ‘आता तू वाच’ म्हणू नका.

चांगली चित्रपुस्तकं महाग पडतात. पुण्यात कुठं बघावीत आणि दुकानात चांगलं-वाईट कसं ओळखावं? (कात्रज आणि सिंहगड रस्ता येथून)

स्वस्तात चांगलं हवं असेल तर आधी नॅशनल बुक ट्रस्टच्या ‘नेहरू बाल पुस्तकालय’ मालेतली मराठी पुस्तकं बघा. डिसेंबरमध्ये फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर पुणे पुस्तक महोत्सव भरतो, तिथं ती एकत्र चाळायला मिळतात. एरवी बाजीराव रस्त्यावर अक्षरधारा हे पुस्तकांचं दुकान आहे. अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत जायचं तर जून टाळा. पाठ्यपुस्तकांच्या गर्दीत कुणी तुम्हाला निवांत पानं उलटू देणार नाही. ग्रंथालयाचे सभासद होणार असाल, मग ते १८४८ सालचं पुणे नगर वाचन मंदिर असो की सोसायटीतलं वाचनालय, वर्गणी भरण्याआधी मुलांच्या पुस्तकांचं कपाट उघडून बघा. चित्रपुस्तकं तिथं आहेत की नुसती इसापनीती-पंचतंत्राची संक्षिप्त पुस्तकं, ते लगेच कळतं.

पुस्तक पारखायचं तर तळहातानं मजकूर झाका आणि चार पानं उलटा. काय चाललंय ते नुसत्या चित्रांवरून साधारण कळलं पाहिजे. पहिल्या पानावरची मुलगी पाचव्या पानावर तीच वाटते का? दोन पानांवर पसरलेल्या चित्रात कुणाचा चेहरा मधल्या शिवणीत गेलाय का? मजकूर गडद चित्रावरच छापलाय का? तसा असेल तर रात्रीच्या दिव्यात वाचता येणार नाही. तीन-चार वर्षांच्या मुलासाठी पानाला दोन ते चार ओळी बेताच्या, पाच-सहाव्या वर्षी सात-आठ चालतात.

घरात सगळी पुस्तकं एकदम मांडू नका. आठ-दहा पुस्तकं त्याच्या हाताच्या उंचीवर, मुखपृष्ठ समोर येईल अशी उभी ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी तीन-चार बदला. पावसाळ्यात भिंतीची ओल लागू नये म्हणून तिला टेकलेलं कपाट चार बोटं पुढं ओढा. डांबराच्या गोळ्या मात्र या कपाटात नकोत. मुलाला त्या गोळ्या खाऊसारख्या दिसतात आणि त्या विषारी असतात. कडुनिंबाचा वाळलेला पाला पुरतो.

मोबाइलवर फुकट मिळणारी चित्रपुस्तकं चालतील का? (अनेक पत्रं)

पुस्तकं चालतील, मोबाइल नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीनसमोर बसवू नये, आणि दोन ते चार वयात दिवसाला एका तासाहून जास्त नको, कमी असेल तितकं बरं. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी चित्रकथा मोफत आहेत आणि त्या छापून घ्यायला परवानगी आहे. वाचनाच्या चार पातळ्या दिल्या आहेत. तुम्ही वाचून दाखवणार असाल तर मुलाच्या वयाच्या एक पातळी वरचं निवडलं तरी चालतं.

झेरॉक्सच्या नेहमीच्या ७५-८० जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) कागदावर मागच्या पानाचं चित्र आरपार दिसतं, म्हणून १२० जीएसएमचा कागद मागा. पानं आडवी छापा आणि डावीकडे दोन सेंटिमीटर कोरी जागा सोडायला सांगा. स्टेपलरच्या पिना मारू नका, त्या निसटून तोंडात जातात. कडेपासून एक सेंटिमीटर आत दाभणानं तीन भोकं पाडून जाड सुती दोऱ्यानं शिवा. मधल्या भोकातून मागून पुढं या, वरच्या भोकातून मागं जा, मागच्या बाजूनं सरळ खालच्या भोकाशी येऊन पुढं या, मग मधल्या भोकातून पुन्हा मागं जा आणि गाठ मागेच मारा. दोरा फार आवळलात तर पानं पुरती उघडत नाहीत, थोडी ढील ठेवा.