केसपेपरवर नुसतं "पडली" लिहू नका, मॅडम

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका डेंटिस्ट मॅडमनी विचारलंय. तिशीतली पेशंट, समोरचा दात अर्धा मोडलेला, "बाथरूममध्ये पाय घसरला" असं सांगणारी ती नाही, नवराच सांगतोय, चार महिन्यांमागं दुसरा दात मोडला तेव्हा कारण जिना होता. वरच्या ओठाच्या आतली पट्टी फाटलीय, कानामागं पिवळा पडलेला जुना वण. कळवलं तर नवरा माझ्यावर केस टाकेल का, गप्प बसले तर मी अडकेन का?

मॅडम, भीती आधी काढून टाका. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 4 प्रमाणं कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला (याच कायद्याखाली सरकारनं नेमलेला अधिकारी) कळवू शकतं आणि चांगल्या हेतूनं कळवलं तर ना दिवाणी ना फौजदारी, कसलीच जबाबदारी येत नाही. पण तिथं "कळवू शकतं" आहे, "कळवलंच पाहिजे" नाही. (पेशंट अठराच्या आतली आणि लैंगिक अत्याचाराचा संशय असता तर पोक्सो या मुलांच्या संरक्षणाच्या कायद्याखाली कळवणं सक्तीचंच.) म्हणून तिला न विचारता परस्पर काही करू नका, घरी जाऊन मार तिलाच खायचाय. गळ्यावर दाबल्याच्या खुणा दिसल्या, जीवाचं भ्या वाटलं तर मात्र थांबू नका, पोलिसांना 112 लावा.

विचारायचं कसं? एक्सरेला नातेवाईक आत घेत नाहीच ना, तीच वेळ. "ताई, घरी कोण हात उचलतं का?" एवढंच, आणि नाही म्हणाली तर खोदू नका. महिला हेल्पलाइनचा 181 नंबर तोंडी सांगा, चिठ्ठीवर नको, व्हॉट्सॲपवर तर अजिबात नको, फोन कुणाच्या हातात असतो ते आपल्याला काय माहीत.

आता खरं काम. भारतीय न्याय संहितेच्या कलम 116 मध्ये दात मोडणं किंवा निखळणं ही गंभीर दुखापत धरलीय, मुद्दाम केली तर 117 खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा, म्हणजे तुमचा केसपेपर हाच उद्याचा पुरावा आणि त्यावर नुसतं "पडली" लिहून मोकळ्या झालात तर नवऱ्याचा वकील तोच कागद कोर्टात नाचवेल, त्याच्या बाजूनं मी असतो तर मीपण नाचवला असता. कोण काय म्हणालं ते ज्याच्या त्याच्या शब्दात लिहा, कुठला दात, वण केवढा, कुठल्या रंगाचा, जुना दात कधीचा, तारीख-वेळ सगळं. तिनं हो म्हणलं तर फोटो. एक्सरे जपून ठेवा. ती तयार झाली तर सीपीआर या सरकारी दवाखान्यात पाठवा, तिथं एमएलसी, म्हणजे पोलिसांसाठीची वैद्यकीय नोंद होईल.

नाही झाली तरी रूट कॅनालला दोन-तीन सिटिंग लागतातच, पुढची तारीख आठवड्याच्या आतली द्या, म्हणजे ती लवकर परत भेटेल.