आधी वाक्य तोड

चि. ... हिस,
सप्रेम आशीर्वाद.

परदेशी खरेदीदारांपुढे बोलायचा मसुदा वाचला. टॉवेलांची माहिती चोख आहे, चौरस मीटरमागच्या वजनापासून (जीएसएम) धुलाईपर्यंत. गाडी अडते ती दुसऱ्याच ओळीत. 'आवर युनिट, विच वॉज स्टार्टेड बाय माय ग्रँडफादर इन सोलापूर अँड विच इज नाऊ हॅविंग ट्वेंटी फोर लूम्स, इज मॅन्युफॅक्चरिंग टेरी टॉवेल्स.' हे वाक्य तोड. 'वुई मेक टेरी टॉवेल्स. वुई हॅव ट्वेंटी फोर लूम्स. माय ग्रँडफादर स्टार्टेड द युनिट.' झालं. 'हॅविंग'ही आपोआप गेलं.

घरात तेलुगू, शेजारी कन्नड, शाळेत मराठी. सोलापूरच्या पूर्व भागातल्या पोरीला भाषेची भीती कुणी घालू नये. पण या तिन्ही भाषांत क्रियापद शेवटी येतं. आपण आधी कुणी, मग कुठे, कधी, कशासाठी असं सगळं रचत जातो आणि क्रियापदाशी पोचेपर्यंत दम संपतो. मग 'बेसिकली', 'अ‍ॅक्च्युअली' सुरू. इंग्रजी ऐकणाऱ्याला कर्त्यामागोमाग क्रियापद हवं असतं. ते लांबलं की मधलं त्याच्या डोक्यात बसत नाही. म्हणून कर्ता, लगेच क्रियापद, आणि 12 शब्दांच्या आत पूर्णविराम. मसुदा मोठ्यानं वाच. पूर्णविरामाआधी श्वास घ्यावा लागला, तर तिथेच वाक्य तोड.

'बाळबोध वाटेल' असं लिहिलंयस. वाटू दे! समोरचा व्याकरणाचे मार्क द्यायला बसलेला नाही, त्याला माल घ्यायचाय. मला लोक या बाबतीत हेकट म्हणतात, तेही चालेल. लांबलचक इंग्रजी म्हणजे चांगलं इंग्रजी, हे खूळ आपल्या शाळांनीच डोक्यात भरवलं आणि हुशार मुलं त्यानं मुकी झाली, याची हळहळ मला आजही वाटते.

मसुदा शब्दन् शब्द पाठ करू नकोस. पाठांतरात एक शब्द निसटला की पुढचं सगळं अडकतं. पहिली दोन वाक्यं आणि शेवटची दोन पक्की कर. मधल्यासाठी कार्डावर फक्त मुद्दे आणि आकडे. 10 मिनिटांना 1,000 शब्द पुरे. नमुना हातात देताना गप्प राहायचं असतं, तो वेळही यातच धर.

आता उच्चार. सगळे सुधारायच्या फंदात पडू नकोस, धंद्यातले शब्द तेवढे धर. 'वीव्हिंग' या एकाच शब्दात आपले दोन घोटाळे आहेत. पहिला व ओठांचा चंबू करून, दातांचा स्पर्श नाही; दुसऱ्याला वरचे दात खालच्या ओठावर. 'पाइल', म्हणजे टॉवेलावरचे धाग्यांचे वेढे, म्हणताना प वर हवेचा झोत हवा, नाहीतर इंग्रजी कानाला ते 'बाइल', म्हणजे पित्त, ऐकू येतं. ओठांसमोर कागदाची पट्टी धर. हलली तर बरोबर. आणि मागाच्या खटखटाटात बोलून आपल्याकडे आवाज चढलेला असतो, तो खाली आण.

आकडे जपून. 'थर्टी'त जोर सुरुवातीला, 'थर्टीन'मध्ये शेवटी आणि 'टीन' लांबवायचं. तरीही आकडा पडद्यावर लिहून दाखव. लाख-कोटी तिथे चालत नाहीत. दीड लाख म्हणजे 'वन हंड्रेड फिफ्टी थाउजंड', 10 लाख म्हणजे 'वन मिलियन'.

प्रश्नोत्तरांची धास्ती घेतली आहेस. तिथेही तेच, वाक्य तोड. धुतल्यावर किती आटतो असं विचारलं, तर आधी आकडा, पूर्णविराम, मग कारण. कापसाचा इतिहास नको. प्रश्न कळला नाही तर 'कुड यू से दॅट अगेन, प्लीज?' आणि नंतर तोच प्रश्न आपल्या शब्दांत त्याला विचारून खात्री कर. तो बोलत असताना मान डोलवत 'येस, येस' करू नकोस. आपल्यासाठी ते 'ऐकतेय'. त्याच्यासाठी ते 'कबूल'. तो डिलिव्हरीची तारीख सांगत असेल, तर ती तू मान्य केलीस असंच धरलं जाईल.

तोडलेला मसुदा मोबाइलवर रेकॉर्ड करून रविवारपर्यंत पाठव. कागद पाठवू नकोस, नुसता आवाज.