साताऱ्यातल्या तालमीत वाढलेला मुलगा स्टंटमन होऊन पुढे ॲक्शन सिनेमाचा दिग्दर्शक होऊ शकतो का?

होऊ शकतो. पण तुम्ही किती उंचावरून उडी मारता यावर ते ठरत नाही. मी वाईचा. मुंबईत काही वर्षं फाइट मास्टरच्या हाताखाली फायटर म्हणून राबलोय, त्यावरून सांगतो.

‘जॉन विक’चा दिग्दर्शक चॅड स्टाहेल्स्की मूळचा किकबॉक्सर. १९९३ साली ‘द क्रो’च्या चित्रीकरणात नायक ब्रँडन ली गोळी लागून गेला, तेव्हा राहिलेल्या दृश्यांत त्याच्या जागी हा उभा राहिला. पुढे ‘द मेट्रिक्स’मध्ये (१९९९) कियानू रीव्ह्जचा डुप्लिकेट. तिथे हाँगकाँगचे फाइट मास्टर युएन वू-पिंग खुद्द नटांकडूनच महिनोन्महिने तयारी करून घेत होते. नट स्वतः लढला की चेहरा लपवावा लागत नाही, कॅमेरा लांब ठेवता येतो, दर ठोशाला कट मारावा लागत नाही. २०१४ चा ‘जॉन विक’ बघा, सगळी मारामारी याच विचारावर उभी आहे. मधली वर्षं स्टाहेल्स्कीने आणि त्याचा स्टंटमन जोडीदार डेव्हिड लीचने दुसऱ्यांच्या सिनेमांसाठी मारामाऱ्या बसवल्या, सराव करतानाच छोट्या कॅमेऱ्यावर चित्रित केल्या, संकलित करून दिग्दर्शकांना दाखवल्या, सेकंड युनिट, म्हणजे मुख्य दिग्दर्शकाशिवाय ॲक्शनची दृश्यं घेणारी तुकडी, सांभाळलं. रीव्ह्जने त्यांना ‘जॉन विक’च्या ॲक्शनसाठी विचारलं, त्यांनी दिग्दर्शनच मागितलं. सिनेमा दोघांनी मिळून केला, नाव मात्र एकट्या स्टाहेल्स्कीचं लागलं.

त्याच्याही आधी हॅल नीडहॅम होता, अभिनेता बर्ट रेनॉल्ड्सचा डुप्लिकेट. १९७७ साली त्याने ‘स्मोकी अँड द बँडिट’ केला आणि तो तुफान चालला. आपल्याकडे फाइट मास्टर वीरू देवगण यांनी १९९९ साली ‘हिंदुस्तान की कसम’ दिग्दर्शित केला. पण आपल्याकडे ही वाट फार कमी जणांनी धरली, याचं मला मनापासून वाईट वाटतं. अख्खी मारामारी फाइट मास्टरच रचतो, कॅमेरा कुठे लावायचा तेही बऱ्याचदा तोच सांगतो. मग पुढचं पाऊल का नाही?

आता तुमच्या तालमीबद्दल. पडायचं कसं हे पैलवानाला शिकवावं लागत नाही, हे मोठं भांडवल आहे. पण आखाड्यात तुम्ही डाव लपवता. पडद्यावर तो प्रेक्षकाला आधी दिसला पाहिजे. कुस्तीत समोरच्याची ढाक (पाडण्याचा एक डाव) लागू द्यायची नसते. इथे ती लागावी म्हणून तुम्हीच अंग सैल सोडून त्याला मदत करता. फायटरचं निम्मं काम म्हणजे रिअ‍ॅक्शन. ठोसा गालापासून वीतभर लांबून जातो. बाजूने बघितलं तर ते अंतर उघडं पडतं, मारणाऱ्याच्या खांद्यामागून बघितलं तर झाकलं जातं. हे ज्याला कळलं त्याची दिग्दर्शनाची पहिली इयत्ता पार पडली.

मुंबईला जायच्या आधीच एक करा. जोडीदार घ्या, एक मिनिटाची मारामारी बसवा, मोबाइलवर तीन कोनांतून चित्रित करा आणि स्वतः संकलन करा. दोघं का भांडतायत हे संवादाशिवाय कळलं पाहिजे. रीलसाठी पुलावरून कृष्णेत उड्या मारू नका. त्यावरून कुठलाही मास्टर तुम्हाला काम देणार नाही. ‘स्वदेस’, ‘दबंग’, ‘चेन्नई एक्सप्रेस’ वाई-मेणवलीकडेच चित्रित झाले, अजूनही युनिटं येतात. तिथे गेलात तर हिरोकडे पाहू नका. गाद्या कुठे टाकल्यात, केबल कोण ओढतोय, रिटेक कशासाठी होतोय ते बघा. मुंबईत गेल्यावर आधी स्टंटवाल्यांच्या संघटनेत जाऊन सदस्यत्वाचं विचारा, आणि ते होईपर्यंत संकलन शिकत राहा.